टाक्यातले सात बेडूक

फॉर्मॅलिनचा वास आला की मला सड्यावरचं, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळपठारावरचं, ते पाण्याचं टाकं आठवतं. भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. भोरला मुक्काम ठेवून आमचे प्राध्यापक आणि त्यांचा सहायक मी, असे दोघं डोंगरमाथ्यावरचे बेडूक गोळा करत हिंडत होतो. खडकातल्या त्या टाक्यात सातच बेडूक होते, बोटाच्या पेराएवढे, पोटावर शेंदरी ठिपके असलेले. असे प्राध्यापकांनीही कधी पाहिले नव्हते. घागर भरायला आलेली धनगरीण म्हणाली, "समदे नेऊ नगा, सायेब. ह्ये हायेत तवर पाणी चांगलं, म्हणून आमी पितो. ह्ये गेले की न्हाई प्यायचो." प्राध्यापक नुसते हसले. सातही बेडूक मी माझ्या हातानं फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकले. पुढल्या वर्षी आणखी नमुने हवेत म्हणून गेलो, तर टाकं काठोकाठ भरलेलं आणि शेजारची धनगरवस्ती उठून गेलेली. चुलींत गवत उगवलं होतं. बेडूक एकही नव्हता. परवा ती बरणी पुन्हा हाती आली. चिठ्ठीवर माझंच अक्षर आहे: 'नवी जात. स्थळ: भोर.' सड्याचं नाव त्या बाईला विचारायचं मला सुचलंच नव्हतं, आणि आता ते सांगायला तिथं कुणी नाही.