सैल केलेला स्क्रू

तीस वर्षं मशीनवर दोरा सांभाळणाऱ्या शिंप्याला मासे धरायचं रीळ मात्र दाद देईना. गळ फेकला की रीळ दोरीपेक्षा जोरात फिरे आणि सगळ्या दोरीचं कावळ्याचं घरटं होई.

“अहो, गळ पाण्याला टेकेपर्यंत अंगठा ठेवा रिळावर!” साडू शिकवी. त्याचा स्वतःचा गळ सुळकन तळ्याच्या मध्यावर. त्यात शिंप्याची बायको म्हणाली, “भावजींचा हात बघा कसा हलका!” झालं, शिंप्याच्या पोटात दुखायला लागलं.

साडू चहा आणायला वळताच त्यानं साडूच्या रिळाचा वेग आवरणाऱ्या ब्रेकचा स्क्रू पार सैल केला. होऊ दे मेल्याचा गुंता, दिसू दे हिला!

साडूनं येऊन गळ फेकला. रीळ मोकाट फिरलं, पण अंगठा त्यावर होताच; गुंता झाला नाही. गळ थेट पलीकडच्या काठाशी पडला. इतका लांब तो कधीच गेला नव्हता.

साडूनं स्क्रू चाचपला. “तुम्ही सैल केलात ना? माझी वर्षभर हिंमत होत नव्हती. शेवटी शिंप्याची बोटं ती!”

बायकोनं नवऱ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, की बिचाऱ्याला खरं बोलायचीही सोय उरली नाही.