बसूला ऐकू येणारं स्टेशन

सकाळच्या नेटवर बसूला हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तेव्हा आम्ही कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. नेट म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा रोजचा कट्टा. आपापल्या घरी सेट लावून बसायचं, एकजण हजेरी घेतल्यासारखा एकेकाला पुकारतो आणि ज्याला पुकारलं त्यानं काय ते बोलायचं. हवा कशी, तब्येत कशी, काल कोण कोण ऐकू आलं. बसूच्या वळसंगच्या शेतावर लाईट जाणं नवीन नव्हतं, त्यामुळे हजेरी पुढे सरकली. दुपारी त्याच्या मुलाचा, महेशचा फोन आला. पहाटे सेटवरून उठून, चहा पिऊन बसू बांधावर रेडिओची तार बघायला गेला होता. तिथंच खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. दुसऱ्या दिवशी नेटवर त्याला पुन्हा पुकारलं. आमच्यात तशी रीत आहे. गेलेल्याला एकदा शेवटची हाक मारायची आणि तो जेवढा वेळ बोलला असता तेवढा वेळ कुणीही बटण दाबायचं नाही. नुसती खरखर ऐकत बसायचं... त्या खरखरीत मी लहान पोरासारखा रडलो. बरं झालं, रेडिओवर आपण बटण दाबल्याशिवाय आपलं काही कुणाला ऐकू जात नाही.

बसू म्हणजे बसवराज. आमची गाठ कॉलेजात पडली. मी शहरातला, विणकराच्या घरातला. घरात तेलुगू आणि दारात मागांचा खडखडाट. तो वळसंगचा. आईशी कानडी बोलणारा आणि आमच्याशी बोलताना प्रत्येक वाक्याला ‘की’ जोडणारा. रेडिओच्या लायसनची परीक्षा आम्ही एकाच पुस्तकावर दिली. वर्गात शेजारी बसून बोटांनी बाकावर मोर्सचे लांब-आखूड ठोके वाजवायचो आणि दोघंही वर्गाबाहेर काढले जायचो. पास झाल्यावर मी सोपा रस्ता धरला, म्हणजे चार मित्रांशी गप्पा. बसू मात्र खालच्या बँडांच्या नादी लागला. एकशेसाठ मीटरचा बँड! तिथल्या लहरी लांब, म्हणून तारही लांबच लांब लागते, आणि एवढं करून दूरचं स्टेशन ऐकू येणार ते दिवस उगवता-मावळताच्या घटकाभरात. शहाण्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये. पण बसू शहाणा असता तर आमची दोस्ती कशाला टिकली असती?

बसूची नोकरी होटगीला, रेल्वेच्या टेलिफोन खात्यात. नोकरी होती तोवर राहणं आमच्या सोलापुरातच होतं. पण आमच्या भागात खालच्या बँडवर मागांच्या मोटारींशिवाय काहीच ऐकू येईना. “तुमच्या चादरी जगात जात्यात आणि माजा आवाज चौकाच्या पुढं जाईना,” असं म्हणून तो मला शिव्या घालायचा. रिटायर झाल्याबरोबर त्यानं शेतात घर बांधलं, त्यात सेटसाठी एक वेगळी खोली काढली आणि शांतावहिनींना घेऊन तिकडेच राहायला गेला. मग काय, रान मोकळंच! लोखंडी खांब उभा केला, त्यावरून लिंबाच्या झाडापर्यंत पाठवायची तार ओढली. तिला खाली जमिनीत पसरलेल्या तांब्याच्या तारांची जोड लागते, त्या ज्वारीच्या रानात पुरल्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की त्या तारा तुटायच्या. पाऊस पडला की भावाचा कुळव उरलेल्या उपसून काढायचा. दरवर्षी दोघा भावांचं भांडण आणि दरवर्षी नव्यानं पुरणं. शेतात ज्वारी पिकवावी की तांबं, असं मी विचारलं की तो म्हणायचा, “दोनी पेरतो की. उगवंल ते उगवंल.”

ऐकायची तार मात्र वेगळी होती. बांधाच्या कडेनं, माणसाच्या उंचीवर, सरळ पार ओढ्यापर्यंत गेलेली. आता अशी तार दारासमोर असल्यावर वहिनींनी तिच्यावर कपडे वाळत घातले नसते तरच नवल. एका थंडीत बसूनं मला बोलावून घेतलं. बँडवर काही दिवस नुसतीच कडकड येत होती. आम्ही सगळा सेट उघडला, सोल्डरिंग पुन्हा केलं, जोड घासले. शेवटी मी बाहेर येऊन बघतो तर तारेवर दोन ओल्या गोधड्या, त्यांच्या वजनानं खोलीजवळचा जोड सुटत आलेला आणि वारा आला की तो हलत होता. बसू डोक्याला हात लावून म्हणाला, “आगं, युरोप त्या गोधडीखाली गावलाय की!” वहिनी गोधड्या काढता काढता म्हणाल्या, “मग दोरी बांधून द्या म्हटलं, तवा कुटं गेलता?” दोरी त्यानं शेवटपर्यंत बांधून दिली नाही.

खालच्या बँडवर बसूनं नाव कमावलं ते पाठवण्यापेक्षा ऐकण्यासाठी. त्याचं एक कोडंच होऊन बसलं होतं. रोज पहाटे तो मोर्समध्ये हाका द्यायचा, ‘कुणी आहे का, कुणी आहे का’ अशा. मध्येच थांबायचा. मग ‘टी यू’ एवढी दोन अक्षरं पाठवायचा, म्हणजे आमच्या भाषेत ‘आभार’, आणि पुन्हा हाका सुरू. आता आभार कुणाचे? युरोपातले लोक कान टवकारून बसायचे, त्यांना त्या वेळी दुसरं काहीच ऐकू यायचं नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं की कुठलंतरी अगदी क्षीण स्टेशन फक्त बसूलाच ऐकू येतं. त्याच्या तारेची लांबी, दिशा, उंची लोक विचारून घेत. काहींनी तशी तार ओढूनही पाहिली. मीही एकदा खोदून विचारलं, कोण आहे रे ते? “हाय एक,” एवढंच म्हणून तो हसला. मला राग आला होता. इतक्या वर्षांच्या मित्रापासून स्टेशन लपवतो म्हणजे काय!

सगळं कार्य उरकल्यावर पाहुणे पांगले तेव्हा वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. रडून रडून आवाज बसला होता. म्हणाल्या, “भावजी, येक इचारू का? त्यास्नी माजी अडचण व्हत हुती का?” मी विचारलं, कसली अडचण? “रोज फाटंचं च्या घिऊन मी त्या खोलीत जायची. मी आत पाय टाकला की त्यो आवाज बंद. मान वर न्हाय, बोलनं न्हाय. मी कप ठिवायची आन् लगीच भाईर यायची, की परत सुरू. मला वाटायचं, जगाशी बोलत्यात आन् आपुन मदी तडमडतो. म्हनून कदी दोन घटका तितं बसले न्हाय बगा. त्या दिवशी बी न्हाय.” मी म्हटलं, असं काही नसतं वहिनी. पण ते पोकळ होतं, माझं मलाच जाणवलं. त्या खोलीत बसूच्या मनात काय चालायचं हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

नंतर काही आठवड्यांनी फिनलंडहून पेक्काचा निरोप आला. हा बसूचा हवेतला जुना मित्र, दोघं कधी भेटले नाहीत. त्यानं एका पहाटेचं बसूचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. सोबत लिहिलं होतं की ते रहस्यमय स्टेशन कुणाचं हे आता तुम्हाला कळलं असेल तर कृपा करून सांगा, आम्ही इकडे अजून ऐकतो आहोत. मला वळसंगला जायचंच होतं. लायसन नसलेल्या घरात सेट ठेवता येत नाही, म्हणून महेशनं तो मला न्यायला सांगितला होता. खोली होती तशीच होती. टेबलावर मोर्सच्या चावीशेजारी कपाच्या बुडाचे गोल डाग, एकात एक गुंतलेले. मी वहिनींना म्हटलं, सेट काढण्याआधी बसूचं एक रेकॉर्डिंग ऐकता का? आवाज नाही त्याचा, नुसतं टूं टूं आहे. त्या दारातच उभ्या राहिल्या.

मोर्स पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो. खरखरीतून पहिलं अक्षर आलं आणि मी बसूला ओळखलं. शेवटचा ठोका जरा रेंगाळत सोडायची त्याची खोड, कॉलेजच्या बाकापासूनची. हाक आली, पुन्हा हाक आली, आणि मध्येच आवाज थांबला. मला वाटलं, सिग्नल बुडाला.

“हितं मी कप ठिवला,” वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. खरखर चालू होती. मग आलं. एक लांब. दोन आखूड, एक लांब. टी यू. आणि पुन्हा हाका सुरू झाल्या.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. आणि सांगितलं त्यांना. वहिनी, सगळी दुनिया जे स्टेशन शोधत होती ना... ते तुम्ही होता. तो रोज तुमच्यासाठी थांबायचा. तुम्ही बाहेर पडत असताना तुमचे आभार मानायचा. त्या आवाजाचा अर्थ तेवढाच.

 त्या एकदम चिडून म्हणाल्या, “आन् तोंडानं सांगाय काय झालं हुतं? मला कळतंय व्हय ते टूं टूं?” आणि पदर तोंडाशी धरून आत निघून गेल्या. माझाही संताप झाला बसूवर. अख्ख्या युरोपला ऐकवलंस लेका, आणि जिला ऐकवायचं तिला सोडून! तो समोर असता तर त्याची गचांडी धरली असती. पण तो समोर नव्हता, त्याची रिकामी खुर्ची होती आणि तिच्यावर मी बसलो होतो.

सेटच्या वायरी सोडवत होतो तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. खिडकीतून बांधावरची तार दिसत होती. तिच्यावर एकही कपडा नव्हता. वहिनींनी कप त्या डागांवर नेमका ठेवला आणि भिंतीशी पडलेलं स्टूल ओढून त्या टेबलापाशी बसल्या.

“लावा की ते टूं टूं परत,” त्या म्हणाल्या.