काचेचा हट्ट

राजन चुरीच्या हातात रिकामी बाटली दिली की तो आधी ती उजेडाकडे धरायचा. मग बुडाची जाडी बघायचा, मग गळ्यावरून नख फिरवायचा. नखाला कुठे जरा कंगोरा लागला की बाटली बाद. स्वतःचं लग्न ठरवताना हा गृहस्थ अर्ध्या तासात 'हो' म्हणून मोकळा झाला होता, पण बाटलीच्या बाबतीत त्याला घाई चालत नसे.

मूळचा केळव्याचा राजन बहारीनमध्ये एअरकंडिशनिंगचा इंजिनिअर होता. गुदैबियातल्या एका जुन्या इमारतीत तो आणि त्याची बायको स्मिता राहत. घरी बिअर बनवणं हा त्याचा छंद. छंद हा शब्द त्याचा. कायदा त्याला गुन्हा म्हणत होता. परवान्याच्या दुकानातून आणून प्यायला असता तर कुणी अवाक्षर काढलं नसतं. घरी बनवायची मात्र नाही, आणि पकडलं गेलो तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारती थंड करत फिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातचं काहीतरी हवं होतं म्हणे. असेल बापडं.

त्याची खरी मिजास बाटल्यांची होती. सीफच्या मॉलमध्ये परदेशी लेमोनेड मिळायचं, जाड काचेच्या बाटलीत. वर चिनीमातीचं बूच, त्याला तांबडं रबर आणि ते घट्ट दाबून धरणारी तारेची कडी. आतला गॅस कितीही जोर करो, ही बाटली दाद द्यायची नाही, आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरता यायची. स्मिताला ते लेमोनेड मुळीच आवडत नव्हतं. पण बाटली रिकामी व्हायला हवी म्हणून ती बिचारी कितीतरी महिने ते पीत राहिली.

"अरे, प्लास्टिकच्या घे की," ती म्हणायची. "गॅस जास्त झाला तर फुगलेली दिसते तरी. काचेची बाटली काय सांगणार आहे, मी फुटायला आले म्हणून?"

"प्लास्टिकमधून बिअर? उद्या तू बादलीत आमटी करशील."

आणि विषय संपायचा. संपायचा म्हणजे राजनपुरता.

समोरच्या दारात हैदराबादचे शाहिद आणि नाझिश राहत. शाहिद गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होता, सरळ, हसतमुख माणूस. नाझिश मेंदी काढायची. ईद जवळ आली की तिच्या दारात बायकांच्या चपलांना जागा पुरत नसे. दोन्ही घरांच्या चाव्या एकमेकांकडे असायच्या. एकदा नाझिशने राजनच्या ओट्यावर धुऊन उपड्या घातलेल्या बाटल्या बघितल्या आणि सहज विचारलं, इतक्या बाटल्यांचं काय करता? राजन पटकन म्हणाला, "कोकम का आगळ भरते हैं, भाभी."

झालं. त्या वर्षीपासून रमझान संपला की नाझिश सरबताच्या रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने स्वच्छ धुऊन आणून द्यायला लागली. "स्मिताभाभी के आगळ के वास्ते." थाप निभावायची तर आगळ दाखवायला हवं, म्हणून राजन दरवर्षी केळव्याहून खरंच आगळ आणून तिच्याकडे पोचवू लागला. स्मिता डोक्याला हात लावायची. सरबताच्या त्या बाटल्या पातळ काचेच्या, फिरकीच्या झाकणाच्या. आत दाब सोसायला त्या केलेल्याच नव्हत्या. राजनला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने त्या वरच्या कपाटात टाकल्या होत्या.

जुलैत अचानक रजा मंजूर झाली. पिंपातली बिअर अजून पुरती आंबायची होती. चार दिवस थांबणं भाग होतं आणि चार दिवस हातात नव्हते. पिंपात महिनाभर ठेवली तर वाया जाणार. राजनने ती तशीच भरायला घेतली, म्हणजे उरलेलं आंबणं आणि त्याचा गॅस बंद बाटलीतच होणार होता. लेमोनेडच्या बाटल्या भरून झाल्या, तरी पिंपाच्या तळाशी थोडी उरली. ओतून देणं जिवावर आलं. त्याने वरच्या कपाटातून नाझिशच्या बाटल्या काढल्या, भरल्या आणि झाकणं हाताला रग लागेपर्यंत पिळली. बाटलीला नख लावून बघणारा हा माणूस त्या दिवशी डोळे मिटून मोकळा झाला.

मग गावी निघताना आपण सगळेच करतो ते त्याने केलं. गॅस बंद, फ्रिज रिकामा, मेन स्विच खाली, त्याबरोबर एसीही बंद. जुलैत बंद खोलीची भट्टी कशी होते हे गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगणाऱ्या इंजिनिअरला स्वतःच्या स्वयंपाकघरातलं भरलेल्या बाटल्यांचं खोकं आठवलं नाही. स्मिताने खिडकीतली तुळस नाझिशवर सोपवली, दरवर्षीसारखी, आणि दोघं विमानतळावर गेली.

परत आली तेव्हा तुळस हिरवीगार होती. फरशी इतकी लख्ख, की स्मितालाच लाजल्यासारखं झालं. घरभर धुपाचा वास. राजन थेट खोक्याकडे गेला. त्यावर ओली करून टाकलेली आणि आता वाळलेली जाड गोधडी होती. ती उचलली तर लेमोनेडच्या बाटल्या जागच्या जागी. सरबताची एकही नाही.

त्याने समोरची बेल वाजवली. शाहिद कामावर गेला होता. नाझिशने दार उघडलं ते डाव्या हाताने. उजवा हात पंज्यापासून कोपरापर्यंत बांधलेला होता.

"मैं तुलसी कू पानी डाल रई थी, भाई," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ऐकवत नव्हतं. "पीछे से बम के जैसा आवाज हुआ. मैं पलटी, मुँह पे हाथ ली. हाथ में काँच घुसी."

हात आडवा आला नसता तर डोळा गेला असता. हे ती बोलली नाही, पण राजन आणि स्मिता दोघांनाही ते कळलं.

"फिर बास आई. मैं समझ गई." थोडं थांबून ती म्हणाली, "बोतल मेरीच थी ना, भाई. ढक्कन पहचानी मैं."



वास जिन्यात गेला तर वॉचमन येईल, मालकाला कळेल, मालक पोलिसांना बोलावेल, आणि स्मिताभाभीचं काय होईल, एवढंच त्या घटकेला नाझिशच्या डोक्यात आलं होतं. तिने हाताला दुपट्टा गुंडाळला. जे पेय तिच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं, ते तिने गुडघ्यावर बसून, एका हाताने, फरशीवरून पुसून काढलं. सरबताच्या उरलेल्या बाटल्या न्हाणीघरात रिकाम्या केल्या, आणि बाकीच्याही फुटतील या भीतीने खोक्यावर ओली गोधडी टाकली. धूप जाळला. मग दवाखान्यात गेली आणि सांगितलं, गरम पाणी ओतताना काचेचा गिलास फुटला. शाहिदलाही तेच सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने तुळशीला पाणी घालत राहिली.

"शाहिद कू मत बोलो, भाई. मैं उनकू गिलास बोली. बात खतम. बस उत्ताच करो मेरे वास्ते."

अंगठ्याची शीर तुटली होती. टाके घालून जखम जुळली, पण अंगठा आणि बोट पूर्वीसारखी एकमेकांना भिडतील का, याची खात्री डॉक्टर देत नव्हते. मेंदीचा कोन धरायला तेवढंच तर लागतं.

राजनने त्याच दिवशी सगळी बिअर मोरीत ओतली. बाटल्या कागदात गुंडाळून कचऱ्यात दिल्या. लेमोनेडची एकही फुटली नव्हती, तडासुद्धा गेला नव्हता. त्याची निवड अगदी बरोबर निघाली होती, आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

त्यानंतर त्याला अन्न गोड लागेना. जिन्यात शाहिद भेटला, "राजनभाई, गाँव कैसा था?" म्हणाला, की हा खिशात चावी शोधायला लागायचा. "मी शाहिदभाईंना सांगून टाकतो," तो स्मिताला म्हणाला. "त्यांनी पोलिसांत दिलं तरी चालेल."

"तिने काय मागितलं तुझ्याकडे? एकच गोष्ट मागितली ना?" स्मिता म्हणाली. "तुझं मन हलकं करायला तिला मध्ये आणू नकोस."

राजनला वाटलं, बायको व्हिसाला घाबरली. बायको व्हिसाला घाबरली नव्हती. तिला त्याच्यापेक्षा पुढचं दिसत होतं. पण ऐकतो कोण!

शुक्रवारी शाहिदने त्याला चहाला बोलावलं. चहा स्टीलच्या पेल्यात आला. आधी त्यांच्याकडे नक्षीच्या काचेच्या कपांशिवाय पाहुण्याला चहा मिळत नसे.

"सब काँच निकाल दिया मैं घर से," शाहिद हसत म्हणाला. "गिलास, कप, जग, सब. ये मेरी बेगम का क्या भरोसा, फिर हाथ काट ले." मग हसू ओसरलं. "मेरीच गलती है, राजनभाई. वो सस्ते गिलास मैंच लाया था. इनका हाथ मेरी वजे से गया." बोलता बोलता त्याने बिस्किटाचा तुकडा मोडून नाझिशच्या डाव्या हातात दिला, रोजची सवय असल्यासारखा.

राजनला ते सोसवलं नाही. नाझिश समोर बसून त्याच्याकडे बघत होती, डोळ्यांनी नको नको म्हणत होती, हे त्याला दिसलं. तरी तो बोलला. बिअर, सरबताच्या बाटल्या, बंद केलेला एसी, आगळाची थाप, सगळं एका दमात. "गलती मेरी है, शाहिदभाई. तुम्हारा गिलास नहीं था. पुलिस बुलाना है तो बुलाओ. मैं इधर ही बैठा हूँ."

पेला खाली ठेवून तो वाट बघत राहिला. शाहिद ओरडेल, कॉलर धरेल, निदान घराबाहेर काढेल. त्यातलं काहीही झालं तरी ते ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. खरं सांगायचं तर त्याला ते हवंच होतं.

शाहिदने त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याने वळून नाझिशकडे बघितलं. ओरडणं त्याच्या स्वभावात नव्हतंच.

"तुम मेरे से झूठ बोले?" तो हळूच म्हणाला. "इनके वास्ते?"

शाहिद उठला आणि आतल्या खोलीत निघून गेला. नाझिश तशीच बसून राहिली, मांडीवर तो बांधलेला हात घेऊन, आणि रडायला लागली. राजन "भाभी" म्हणाला. तिने डाव्या हाताने त्याला दाराकडे खूण केली.