चमचाभर विरजण

अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसऱ्याचं बोट कापलं की ज्याचा चेहरा खुलतो असा एकच माणूस आहे, आणि तो रावेतला आमच्या बरोब्बर डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. हे आमचे सर. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, पण तास घेण्याची खोड काही गेली नाही. बायको गेली, मूलबाळ नव्हतंच, त्यामुळे विद्यार्थी म्हणून उरलो आम्ही शेजारी आणि आमच्या जखमा. मी चाकणच्या कंपनीत पत्रे कापण्याच्या खात्यात असल्यामुळे माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. शिफ्ट सुटून आलो की ते माझ्या तोंडाकडे नाही, आधी हाताकडे बघतात.

गेटसमोरच्या गॅरेजवाल्या भाईंचा अंगठा एकदा पान्यानं सोलवटला. ते हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उपडी करणार, तोच सरांनी त्यांचं मनगट धरलं. "थांबा भाई! हेच रसायन तुमच्या पेशींनी आत्ता स्वतः तयार केलंय. जखमेच्या कडेच्या पेशी ऑक्सिजनपासून ते बनवतात आणि बाहेर सोडतात. अगदी थोडं. ते पसरत जातं, आणि त्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात. थोडं असेल तर ती हाक असते, जास्त झालं तर शेजारपाजारच जाळतं. तुम्ही तर बाटलीच ओतायला निघालात!"

"सर, आधी पट्टी तर बांधू द्या ना राव! हाक गेली असंल, पण रक्त थांबंना!" भाई कळवळून म्हणाले. सरांनी पट्टी बांधली, पण गाठ मारेपर्यंत तास संपू दिला नाही.

संध्याकाळी मात्र हेच सर हातात वाटी घेऊन आमच्या दारात अवघडून उभे असत. "वहिनी, चमचाभर विरजण मिळेल का?" बसा म्हटलं तर "नको नको, वर दूध कोमट करून ठेवलंय," आणि मग उंबरठ्यावर उभ्या उभ्या गप्पा. पाण्याच्या टँकरपासून पांढऱ्या पेशींपर्यंत काहीही. तोवर वरचं दूध थंडगार होत असणार, पण त्याची घाई त्यांना कधी दिसली नाही.

माझी बायको स्वभावानं परोपकारी. एके दिवशी तिनं झाकणाचा डबा भरून दही दिलं आणि समजावलं, "सर, यातलंच चमचाभर रोज बाजूला काढत जा. म्हणजे तुम्हाला जिने उतरायला नकोत." ज्यांनी आयुष्यभर प्रयोगशाळेत जंतू वाढवले, त्या माणसाला ही विरजण राखायची रीत शिकवली! सर म्हणाले, "हो की, सुचलंच नाही मला." डबा घेऊन वर गेले ते पुन्हा आलेच नाहीत.

बरेच दिवस दिसले नाहीत म्हणून मी वर गेलो. घरात टीव्हीसुद्धा बंद. सरांनी कोरा चहा दिला. "दूध घरात कधी आणतच नाही हो, पोटाला सोसत नाही," ते सहज बोलून गेले, आणि मग कपात बघत राहिले. म्हणजे वर कोमट दूध कधी नव्हतंच!

खाली येऊन बायकोला सांगितलं तर ती "अगं बाई!" म्हणून खालीच बसली. मग डोळे पुसून तशीच वर गेली आणि म्हणाली, "सर, उद्यापासून रोज आमच्याकडेच जेवायचं." सर एवढे घाबरले, की हात जोडून "नको नको, एवढं नको," म्हणत मागे सरकले.

आता ते येतात कधीमधी. आम्ही दार सताड उघडतो, दोघंही हौसेनं पुढे होतो. सर रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळून उभे राहतात. "बरं आहे ना सगळं?" ते विचारतात. आम्ही "हो" म्हणतो. मग सर जिना चढू लागतात.