दादाचा रिलीव्हर कोण?

"तू सगळ्यांचा रिलीव्हर, मग तुझा कोण?" हे मी दादाला किती वेळा विचारलं. तो नुसता हसायचा. काल दादाचं दहावं झालं. दारू केव्हाच सुटली होती, पण लिव्हर त्याआधीच गेलं होतं. आता मंडळी जमली की जो तो त्याचाच किस्सा काढतो. एक संपेपर्यंत दुसरा सुरू!

बोईसरच्या बालवाडीत रविवारी आम्हा दारू सोडणाऱ्यांची बैठक असते. ताई समुपदेशक. पहिल्याच दिवशी दादा उभा राहिला, "ताई, जन्मात शिवणार नाही!"

ताई म्हणाल्या, "जन्म फार मोठा आहे. ही शिफ्ट संपेपर्यंत जमेल?"

दादा केमिकल प्लांटचा ऑपरेटर. म्हणाला, "शिफ्ट होय? मग आधी सांगायचं ना!"

प्लांटमध्ये रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. दादाने तोच नियम बैठकीत आणला. तलफ आली की फोन करायचा, कोणीतरी धावत येणार. बहुतेक वेळा दादाच!

आमच्यातल्या दांडी गावच्या तांडेलकाकांचा एकदा मासेमारीच्या बोटीवरून फोन आला. "पोरांनी बाटली काढलीय! रिलीव्हर पाठव!"

"काका, समुद्रात कुठून पाठवू? जाळं ओढेपर्यंत मला शिव्या घाला."

काकांनी घातल्या. अशा घातल्या, की ऐकता ऐकता पोरं बाटली उघडायचीच विसरली!

सांगलीकडचे पाटील फिटर. एकदा तलफ आली, फोन केला, पण त्यांचा रिलीव्हर आलाच नाही. बिचाऱ्यांनी एकट्याने दोन शिफ्टा कोरड्या काढल्या आणि रविवारी हजर. "ताई, ओव्हरटाइम झाला. डबल मिळतो ना?"

ताईंनी पुडी उघडली. "घ्या, दोन जिलब्या!" तेव्हापासून दर रविवारी जिलबी.

याच पाटलांना ताईंनी विचारलं होतं, "राग येतो तेव्हा शरीरात कुठे जाणवतो?"

"मुठीत."

"मग उघडा मूठ."

उघडली, तर आत सुपरवायझरच्या शर्टाचं बटण! दादा म्हणाला, "उद्या स्वतः शिवून द्या." पाटलांनी खरंच दिलं. सुपरवायझरने चहा पाजला!

आणि कालचं. खाडीकाठी पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. दादाच्या मामांनी शेजारी दारूची क्वार्टर ठेवली. "त्याची आवड होती."

तरी कावळा येईना. मामा म्हणाले, "झाकण उघडलं नाही ना, म्हणून!"

मी झडप घालून बाटली उचलली. दादा गेल्यापासून मला तलफ येत होती आणि फोन करायला दादाच नव्हता. झाकण फिरवलं. वास आला.

ताईंनी हळूच विचारलं, "कुठे जाणवतंय?"

"मुठीत."

तांडेलकाका जवळ आले. "बारक्या, आमी हाय ना रं."

मी बाटली वाळूत उलटी केली. शेवटच्या थेंबापर्यंत! काल रविवार. ताईंकडे पुडी होतीच. तिच्यातल्या दोन जिलब्या पिंडाजवळ ठेवल्या आणि ओरडलो, "दादा, रिलीव्हर आला! चार्ज दे आणि घरी जा!"

कावळा सरळ माझ्या पुढ्यात उतरला. एक जिलबी चोचीत धरली.

मी दुसरी त्याच्याकडे सरकवली. "हीपण ने, दादा. ओव्हरटाइम डबल असतो!"