तारेवरचा पक्षी

जनार्दन मोघे वीज मंडळातून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला साहेब काही निवृत्त झाला नाही. दर वर्षी सहा महिने ते पत्नी शुभाताईंसह परदेशात, पापाकुऱ्याला मुलीकडे, अनुयाकडे येत. सामानात एक पुस्तक हमखास असे. वीज म्हणजे काय, हे १८८४ साली एका शाळामास्तरांनी चारचौघांना कळेल अशा भाषेत लिहिलेलं. त्याला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

यंदा मराठी मंडळाने लायब्ररीत त्या पुस्तकावर त्यांचं भाषण ठेवलं. स्वारी रंगात आली. शेवटी त्यांनी मास्तरांची प्रस्तावना वाचली: ‘प्रत्येक प्रकरण मी आधी कुटुंबास वाचून दाखवी. तिला जे उमगले नाही, तो दोष माझा समजून पुन्हा लिही.’

“काका, सो स्वीट!” मंडळाची सेक्रेटरी ऋचा म्हणाली. “तुम्हीपण काकूंना असंच एक्स्प्लेन करत असणार ना?”

“म्हणजे काय! रोज!” मोघे बोलून गेले.

आणि शुभाताई समोरच बसलेल्या. चाळीस वर्षं त्यांनी काहीही विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘तुला नाही कळायचं ते.’ सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्या हसून म्हणाल्या, “अगदी! कंटाळा येईपर्यंत.”

टाळ्या पडल्या. मोघ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईने चारचौघांत पाणउतारा केला असता, तर निदान रागावता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शुभाताई अंगणात वाळलेले कपडे काढत होत्या. मोघे घुटमळत जवळ गेले. “विजेबद्दल तुला काही विचारायचंय का?”

शुभाताईंनी रस्त्यावरच्या तारांकडे पाहिलं. “पक्षी तारेवर बसतो, तरी मरत कसा नाही?”

“पोटेन्शियल डिफरन्स नसतो ना...” मोघे सुरू झाले. शुभाताई कपड्यांचे चिमटे काढत राहिल्या. मोघ्यांना मास्तर आठवले. खाली मान घालून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दोन्ही पाय एकाच तारेवर, जमिनीशी संबंध नाही, मग वीज त्याच्या अंगातून कशाला जाईल? “आलं लक्षात?”

“ते अनुया सातवीत होती तेव्हाच आलं. तिच्या पुस्तकातून. त्याआधी तुम्हाला विचारलं होतं.”

मोघ्यांना काही आठवेना. त्याचीच जास्त लाज वाटली. “मग आज का विचारलंस?”

शुभाताईंनी टॉवेलची घडी घातली.

“तुम्हाला सांगता येतं का, ते बघत होते.”