पाटी ज्याची, त्यानंच काढायची

लीलाधरभाऊंच्या घरात पुठ्ठ्याची एक पाटी आहे. तिच्यावर लाल रंगात लिहिलंय, 'काम सुरू आहे. हात लावू नये.' वर भोक पाडून सुतळी ओवलेली. मिक्सर अडकला, पंखा घरघरायला लागला, मोटर पाणी ओढेना, की भाऊ आधी बटण बंद करतात, बटणावर पाटी टांगतात आणि मगच पान्याला हात घालतात. नेपानगरच्या कागद मिलमध्ये उभी हयात गेली, तिथली ही शिस्त अंगात मुरली. शिस्तीचा दुसरा भाग आणखी कडक होता. पाटी ज्यानं टांगली, त्यानंच काढायची. साहेब आला तरी त्यानं हात लावायचा नाही. कारण टांगणारा माणूस यंत्राच्या पोटात वाकलेला असतो आणि बाहेरच्याला तो दिसत नाही.

मालूबाईंनी नवऱ्याबरोबर ही शिस्तही पदरात घेतली. एकदा भाऊ गिझरवर पाटी टांगून विसरून गेले आणि बाई ऐन थंडीत गार पाण्यानं आंघोळ करत राहिल्या. शिंका ऐकू येत नसल्या तरी लाल झालेलं नाक भाऊंना दिसलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. "सांगायचं ना मग!" भाऊ म्हणाले. "मले वाटलं, काम चालू असंन," बाई म्हणाल्या. एवढं सरळ माणूस मिळायला भाग्य लागतं. भाऊंना ते मिळालंय, पण कबूल कोण करणार?

भाऊंना ऐकू येत नाही. रावेरकडे केळीचा मळा करणाऱ्या त्यांच्या वडिलांचेही कान उतारवयात असेच गेले होते. डॉक्टर म्हणाले, घराण्यातच आहे. कानाला मशीन लावून पाहिलं, त्यातून नुसता खरखराट यायचा, मग ते डबीत गेलं. पण भाऊ खचले नाहीत, कारण न ऐकता बोलायची विद्या त्यांच्याकडे आधीपासून होती. कागदाच्या यंत्राशेजारी कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोहोचत नाही. तिथे सगळे ओठांनी आणि हातांनी बोलायचे. चहाची एक खूण, साहेब आल्याची एक, आणि सगळ्यात लाडकी म्हणजे आडवा तळहात डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायची. म्हणजे कागद न तुटता शेवटच्या रुळापर्यंत पोहोचला, सगळं सुरळीत आहे. त्यांची मुलगी तृप्ती क्वार्टरच्या अंगणात या खुणा खेळतच मोठी झाली. दहावीचा निकाल घेऊन आली तेव्हा दारातून तिनं तोंडानं काही सांगितलंच नाही, नुसता तळहात आडवा नेला.

भाऊंचं एकच दुखणं होतं, आणि ते कानाचं नव्हतं. लग्नात, पंगतीत, नदीकाठी राजघाटावर म्हाताऱ्यांच्या बैठकीत कुणी काही बोललं, सगळे हसले, आणि भाऊंनी "काय झालं?" म्हणून विचारलं, की समोरचा हात हलवून म्हणायचा, "नंतर सांगतो." ते नंतर बहुतेक वेळा यायचंच नाही. आलं तरी शिळं झालेलं असायचं. माणूस दुःखात मागे राहिलेला चालतो, आनंदात मागे राहणं फार जिव्हारी लागतं. भाऊ सगळ्यांबरोबर हसायचे, काय झालं ते माहीत नसताना. मालूबाईंना ते हसू लगेच ओळखू यायचं.

तर अशा या भाऊंना नात झाली, आणि तीही डब्लिनला. तृप्ती आणि जावई निरंजन तिकडे नोकरीला. मालूबाई बाळंतपणाला जायच्या होत्या, पण व्हिसा वेळेवर आला नाही. बारसं ठरलं. तिकडे दिवस वर येईल तेव्हा इकडे चार वाजलेले असणार. नाव काय ठेवायचं ते तृप्तीनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. "बारशातच कळंन," म्हणाली. भाऊंनी मालूबाईंना बजावून ठेवलं होतं, "नाव मी तृप्तीच्या तोंडूनच घेनार. तू सांगायचं नाही, लिहून दाखवायचं नाही. सगळ्यांसंगं मलाही कळलं पाहिजे."

हे व्हायला लॅपटॉप हवा. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर ओठ दिसत नाहीत, भाऊंची नजरही आता पहिल्यासारखी नाही. तृप्तीनं जाताना आपला जुना लॅपटॉप याचसाठी ठेवला होता. ती कॅमेऱ्याजवळ तोंड आणायची, पडदाभर तिचा चेहरा व्हायचा, आणि बापलेक तासन् तास बोलायचे. आणि बारशाच्या आदल्या दिवशीच त्या लॅपटॉपला वायफाय दिसेनासं झालं. घरात फोनला नेट होतं, लॅपटॉपला नव्हतं.

भाऊ लॅपटॉप छातीशी धरून बाजारात तुषारच्या दुकानी गेले. तुषारनं उघडून पाहिलं, आणि भाऊंसमोर तोंड करून सावकाश बोलला, "काका, वायफाय कार्ड गेलं याचं. केबल लावली असती, पण या पतल्या मॉडेलला केबलची जागाच नाही. बाहेरून लावायचं मागवलं तर चार दिन लगेंगे."

"चार दिवसांनी बारसं हाय का?" भाऊ गरजले. त्यांना आपला आवाज ऐकू येत नाही, बाजाराला येतो.

तुषारनं जुन्या लॅपटॉपांच्या ढिगातून एक कार्ड शोधून काढलं. पण बसवायला थांबायची सोय नव्हती, त्याला मामेभावाच्या हळदीला निघायचं होतं. "उद्या रात्री देतो ना काका." भाऊंनी मान हलवली. "नुसतं दाखव. हात माझे." मग तुषारनं एका बंद पडलेल्या लॅपटॉपवर दाखवलं. मागचे स्क्रू, बॅटरीची वायर, मग कार्ड तिरपं सरकवून दाबायचं, वर दोन बारीक तारा, काळी आणि पांढरी. शेवटी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला नव्या कार्डाची ओळख करून देणारा प्रोग्राम, त्यानं पेनड्राइव्हमध्ये घालून दिला.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकल्यावर भाऊंनी मधल्या खोलीत टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. मालूबाई हरभरे शिजायला घालत होत्या. नात सातासमुद्रापार का असेना, बारशाच्या घुगऱ्या गल्लीत, सगळ्या सिंधीपुऱ्यात वाटल्या जाणारच होत्या. भाऊंनी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला. मग थोडा विचार केला. मिलमध्ये यंत्र उघडायचं तर यंत्राची वीज तर बंद करायचीच, शिवाय जिथून माल येतो तेही बंद करायचं. लॅपटॉपला माल कुठून येतो? बाहेरच्या खोलीतल्या त्या मिणमिणत्या डबीतून, राउटरमधून. भाऊ गेले, दारामागचं बटण बंद केलं, आणि त्यावर पाटी टांगली.

स्क्रू त्यांनी ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं ताटात मांडले. जुनं कार्ड निघालं, नवं बसलं, त्याचा स्क्रूही बसला. अडलं ते तारांपाशी. तारांच्या टोकांना मोहरीएवढी टोपणं, ती कार्डावरच्या तेवढ्याच बोंडांवर दाबून बसवायची. भाऊंची बोटं मिलच्या रुळांना शोभणारी. टोपण निसटायचं, भाऊ दात खायचे.

मालूबाईंनी खांद्याला हात लावला. त्यांची ही पद्धत, आधी स्पर्श, मग बोलणं. "टिचबटणं हायत ही," त्या म्हणाल्या. "सरका." त्यांनी चष्मा पुसला, अंगठ्याच्या नखानं काळी तार दाबली, टिच्. पांढरी दाबली, टिच्. आवाज भाऊंना आला नाही, पण बाईंच्या चेहऱ्यावर तो दिसला.

झाकण लागलं. लॅपटॉप सुरू झाला. ड्रायव्हर टाकला, पडद्यावर पट्टी भरत गेली, आणि कोपऱ्यात वायफायची खूण उमटली! भाऊंनी तळहात आडवा नेला, बाईंनी हात जोडले. मग भाऊंनी खुणेवर बोट दाबलं. यादी उघडली. शेजारच्या पंडितचं नेट होतं, वरच्या मजल्यावरच्यांचं होतं, समोरच्या साडीच्या दुकानाचंही होतं. आपलं तेवढं नव्हतं.

लॅपटॉप बंद करून चालू केला. पंडित हजर, आपण गैरहजर. भाऊंच्या कपाळावर घाम आला. परत सगळे स्क्रू निघाले. चार वाजत आले होते.

"तार तूच ढिली लावली असंन!" भाऊ ओरडले. "येत नाही तर कशाला मधी घुसते?"

मालूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तोवर भाऊंनी मान खाली घातली होती. बापड्याला माहीत होतं, बायकोशी भांडताना मान खाली घातली की तिला उत्तर देता येत नाही. हे त्यांचं हुकमी हत्यार होतं आणि ते त्यांनी सहसा काढलं नव्हतं. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि शिजलेल्या हरभऱ्यांना फोडणी देत बसल्या.

भाऊंनी तारा पाहिल्या. घट्ट होत्या. काळी काळ्या खुणेला, पांढरी पांढऱ्या. काही चुकलं नव्हतं. झाकण लावलं, पुन्हा तेच. चार वाजून गेले. तिकडे पाळणा सजला असेल, बायका जमल्या असतील, आत्यानं बाळाच्या कानाला ओठ लावले असतील. पुन्हा एकदा सगळ्यांना कळणार आणि आपल्याला नंतर. भाऊंचे डोळे भरून आले. मिलमध्ये कागद तुटला की सगळे धावायचे, जोडायचे. इथे कुठे तुटलंय तेच दिसेना.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. रागावलेल्या बायकोची माफी मागायची त्यांची पद्धत एकच, तिच्या हातातलं काम मागायचं. त्यांनी कढईकडे हात केला. बाईंनी डाव दिला नाही. फोन पुढे केला. "कवापासून लावून राह्यली तृप्तीले. नेटच नाही त्याच्यात. गल्लीत टावर तरी कुठं येतो? तुमचं काम कवा होईन?"

"कोणतं काम?"

"तेच. पाटी टांगली ना तुमी डबीवर."

भाऊ बघतच राहिले. मग धावले. साठी उलटलेला माणूस दोन खोल्यांत जेवढा धावू शकतो तेवढे धावले. पाटी काढली, बटण दाबलं. डबीवरचे दिवे एकेक करून लागले. भाऊ मागे वळले तर बाई उभ्या होत्या.

"दिसली होती तुले?"

"दिसली तर होती."

"मग काढायची ना, माझे आई!"

"मी कशी काढनार?" बाई शांतपणे म्हणाल्या. "पाटी तुमची होती."

भाऊंनी त्यांचा हात धरला. कधी नव्हे ते स्पष्ट शब्दांत म्हणाले, "तारा बरोबर लावल्या होत्या तू. माझंच चुकलं." आवाज अर्थातच पंडितच्या घरापर्यंत गेला. बाईंनी लाजून हात सोडवला आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं. यादीत आपलं नाव सगळ्यात वर आलं होतं.

घंटी वाजते न वाजते तोच तृप्तीचा चेहरा पडदाभर उमटला. रडून लाल झालेली. तिच्या मागे पाळणा, झिरमिळ्या, जमलेल्या साड्या, आणि घड्याळाकडे पाहणारा निरंजन. पाळण्याजवळ आत्या हात बांधून उभी.

"कुठे होते बाबा?" तिचे ओठ म्हणाले. "सगळे म्हणून राह्यले, उशीर होतो, उरकून टाक, बाबांना नंतर सांग. मी म्हटलं, नाही."

भाऊ पडद्याजवळ सरकले. त्यांनी तळहात आडवा केला आणि सावकाश डावीकडून उजवीकडे नेला. तिकडून तृप्तीनंही नेला. मग तिनं मागच्या मंडळींकडे पाठ केली, बाळाला उचलून गालाशी धरलं, तोंड कॅमेऱ्याजवळ आणलं, आणि एक शब्द म्हटला. आवाज न काढता. नुसत्या ओठांनी, मिलमध्ये म्हणायचे तसा. मग तोच शब्द पुन्हा एकदा, आणखी सावकाश.

हिमानी.

खोलीभर कान असलेली माणसं उभी होती, आणि त्यातल्या कुणालाच काही कळलं नव्हतं. मागून बायका माना उंचावत विचारत होत्या, काय म्हणाली, काय म्हणाली. इकडे मालूबाई लॅपटॉपच्या बाजूला कान लावून बसल्या होत्या. त्यांनी भाऊंच्या खांद्याला हात लावला.

"काय म्हनली वो? मले तर काहीच ऐकू नाही आलं. नाव सांगितलं का?"

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, यावेळी कशाला हसतोय ते पक्कं माहीत असताना. पडद्यावरून नजर न काढता त्यांनी हात हलवला.

"नंतर सांगतो," ते म्हणाले.